टर्मिनलमध्ये बनवलेली फाइल फाइल मॅनेजरमध्ये सापडत नाही, तेव्हा

टर्मिनलमध्ये फोल्डर बनवला, त्यात फाइल ठेवली, फाइलींची यादी दाखवणारं ‘एलएस’ मारल्यावर ती व्यवस्थित दिसतेय. फाइल मॅनेजर उघडला तर तिथे काहीच नाही. किंवा उलटं: फाइल मॅनेजरमध्ये फोटो डोळ्यांसमोर आहेत आणि टर्मिनल म्हणतं, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. लिनक्सवर नवीन आलेल्यांना हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो आणि बहुतेक वेळा ‘एकदा रीस्टार्ट करून बघा’ हेच उत्तर मिळतं. रीस्टार्टने तो कधीकधी सुटतोही. पण का सुटला हे कळलेलं नसतं, म्हणून चार दिवसांनी पुन्हा तेच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टर्मिनल आणि फाइल मॅनेजर एकमेकांना काहीही पाठवत नाहीत. दोघेही थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारतात आणि कर्नल दोघांनाही त्याच डिस्कवरची माहिती देतो. त्यामुळे ‘सिंक व्हायचं राहिलं असेल’ ही शंका इथे लागूच होत नाही. उत्तरं वेगळी आली, तर प्रश्नच वेगळे विचारले गेलेत: दोघे वेगवेगळ्या फोल्डरवर उभे आहेत, किंवा वेगवेगळ्या युजरच्या नावाने विचारत आहेत, किंवा दोघांपैकी एकाला काही गोष्टी दाखवल्या जात नाहीयेत. तपासणी याच क्रमाने केली की उगाच हातपाय मारावे लागत नाहीत.

खालच्या कमांड बोलताना उच्चारतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीची छोटी अक्षरं वापरायची. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी जागा तपासा

टर्मिनलमध्ये हे चालवा:

/बिन/पीडब्ल्यूडी

नुसतं ‘पीडब्ल्यूडी’ नको, पुढे ‘/बिन/’ हवंच. कारण पुढच्या भागात येईल. मग फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर उघडून कंट्रोल आणि एल दाबा. वरच्या पट्टीत पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, दिसतो. दोन्ही पाथ अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

इथेच सापडणारी सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे लहान-मोठं अक्षर. ‘डाउनलोड्स’ हा होममधला फोल्डर मोठ्या डीने सुरू होतो. कोणी ‘एमकेडीआयआर -पी ~/डाउनलोड्स/बिलं’ ही कमांड छोट्या डीने दिली, तर लिनक्स मुकाट्याने दुसरा फोल्डर बनवतो, कारण त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं आहेत. ‘-पी’मुळे वरचा फोल्डर नसला तरी तो तयार होतो आणि चूक लक्षातच येत नाही. फाइल मॅनेजरच्या यादीत हे दोन फोल्डर शेजारी शेजारी बसतात आणि डाव्या पट्टीतून गेलात की जुनाच उघडतो.

दुसरी चूक रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या, होमची. ‘सुडो -आय’ करून रूट झालात की टिल्ड या चिन्हाचा अर्थ बदलतो. आता ‘~’ म्हणजे तुमचा ‘/होम’मधला फोल्डर नाही, ‘/रूट’ आहे. तिथे ठेवलेली फाइल फाइल मॅनेजरला दिसणारच नाही, कारण तो तुमच्या नावाने चालतोय आणि ‘/रूट’मध्ये डोकवायची तुम्हाला परवानगी नाही. प्रॉम्प्टच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीआधी दिसणाऱ्या मजकुराच्या, शेवटी डॉलरऐवजी ‘#’ दिसत असेल, तर काहीही करण्याआधी ‘एक्झिट’ करून बाहेर या.

पाथ हाताने टाइप करायची सवय सोडता आली तर फार बरं. फाइल मॅनेजरमधला फोल्डर माऊसने ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा: बहुतेक टर्मिनलमध्ये पूर्ण पाथ, अवतरण चिन्हांसकट, आपोआप लिहिला जातो. ‘सीडी’ आणि एक जागा टाइप करा, फोल्डर ओढून टाका, एंटर. नावात स्पेस असो, कंस असो, काही अडत नाही.

पायाखालचा फोल्डर बदललेला असतो

हा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात कामाच्या फाइली खरोखर हरवतात आणि टर्मिनल शेवटपर्यंत सगळं ठीक असल्यासारखं वागतं.

टर्मिनलमधला शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, फोल्डरचा पत्ता धरून बसत नाही, तो घरच धरून बसतो. प्रत्येक फोल्डरला फाइल सिस्टिमच्या आत एक क्रमांक असतो, त्याला आयनोड म्हणतात. ‘सीडी’ केलं की कर्नल तुम्हाला त्या आयनोडवर उभं करतो. नाव नंतर बदललं, फोल्डर दुसरीकडे हलवला, तरी तुम्ही त्याच आयनोडवर उभे असता. प्रॉम्प्टमध्ये दिसणारा पाथ मात्र शेलने स्वतःजवळ लिहून ठेवलेला असतो आणि तो जुनाच राहतो.

आता असं समजा, टर्मिनल ‘~/अहवाल’ या फोल्डरमध्ये उघडं आहे आणि फाइल मॅनेजरमधून तुम्ही तोच फोल्डर डिलीट केला. डिलीट म्हणजे इथे कचरापेटीत टाकणं, आणि होममधल्या फोल्डरसाठी ते साधं स्थलांतर असतं: ‘अहवाल’ उचलून ‘~/.लोकल/शेअर/ट्रॅश/फाइल्स’मध्ये ठेवला जातो. आयनोड तोच. टर्मिनल त्या फोल्डरबरोबर कचरापेटीत गेलं आणि त्याला पत्ताही लागला नाही. प्रॉम्प्ट अजून ‘~/अहवाल’च दाखवतोय. यापुढे त्या खिडकीत जे काही सेव्ह कराल, ते थेट कचरापेटीत जमा होईल. ‘एलएस’ला दिसेल, फाइल मॅनेजरला होममध्ये दिसणार नाही. कचरापेटी रिकामी केली की गेलं.

म्हणून ‘/बिन/पीडब्ल्यूडी’. शेलच्या आतलं नुसतं ‘पीडब्ल्यूडी’ लिहून ठेवलेला पाथ वाचून दाखवतं. बाहेरचा प्रोग्रॅम कर्नलला विचारतो आणि खरी जागा सांगतो. उत्तरात ‘ट्रॅश’ दिसलं तर फाइल मॅनेजरच्या कचरापेटीत जाऊन त्या फोल्डरवर राइट क्लिक करा आणि तो परत जागेवर ठेवा. आतल्या नव्या फाइलीही सोबत येतात, आणि टर्मिनल पुन्हा योग्य ठिकाणी येतं, कारण ते त्या फोल्डरमधून हललेलंच नसतं.

याचा जुळा भाऊ म्हणजे त्याच नावाने पुन्हा बनलेला फोल्डर. झिप फाइल नव्याने उघडली आणि जुना फोल्डर आधी काढून टाकला, किंवा एखाद्या बिल्ड प्रोग्रॅमने ‘बिल्ड’ फोल्डर पुसून परत तयार केला. पाथ तंतोतंत तोच, पण आयनोड नवा. फाइल मॅनेजर पाथ घेऊन जातो, म्हणून त्याला नवा, भरलेला फोल्डर दिसतो. टर्मिनल पुसलेल्या जुन्या फोल्डरवर उभं असतं: ‘एलएस’ रिकामं, आणि फाइल बनवायला गेलं की ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’. शंका आली की ही कमांड द्या:

एलएस -डीआय . "$पीडब्ल्यूडी"

यातलं पीडब्ल्यूडी मोठ्या अक्षरांत. दोन नोंदी येतील, बहुधा एकाच ओळीत, प्रत्येकीत आधी आयनोडचा क्रमांक. पहिली नोंद तुम्ही जिथे खरोखर उभे आहात त्या फोल्डरची, दुसरी त्या पाथवर आत्ता जे आहे त्याची. समजा एकीकडे ५२४३०१७ आणि दुसरीकडे ५२४३१८८ आलं, तर निदान झालं. उपाय एका ओळीचा:

सीडी "$पीडब्ल्यूडी"

शेल पाथ नव्याने शोधतो आणि नव्या फोल्डरवर येऊन उभा राहतो. दुसऱ्या नोंदीऐवजी ‘अशी फाइल नाही’ आलं, तर त्या पाथवर आता काहीच उरलेलं नाही. ‘सीडी ~’ करून बाहेर या आणि आधी कचरापेटी तपासा. नवीन कमांड चालवताना ‘गेटसीडब्ल्यूडी’ हा शब्द असलेला लांबलचक एरर आला तर अर्थ तोच: फोल्डर कायमचा पुसला गेलाय आणि शेल अजून तिथेच आहे.

कचरापेटीचा विषय निघालाच आहे तर, ‘आरएम’ने काढलेलं कचरापेटीत जात नाही, ते तिथल्या तिथे संपतं. टर्मिनलमधून कचरापेटीत टाकायचं असेल तर ‘जीआयओ ट्रॅश’ आणि पुढे नाव. ‘जीआयओ ट्रॅश --लिस्ट’ने आत काय आहे ते दिसतं. ही सवय लावून घ्या असं मी कळकळीने सांगेन, विशेषतः दिवसभर दोन्हीकडे काम करणाऱ्यांना.

पेन ड्राइव्हवरून फाइली काढल्या तरी जागा रिकामी होत नाही, तेही याचमुळे. ड्राइव्हवरच ‘.ट्रॅश-१०००’ नावाचा लपलेला फोल्डर तयार होतो. १००० हा तुमच्या युजरचा क्रमांक, बऱ्याच डिस्ट्रोंत (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या आवृत्त्यांत) पहिल्या युजरला हाच मिळतो. ड्राइव्ह लावलेला असतानाच कचरापेटी रिकामी करा.

झाकलेलं आणि ताजं न झालेलं

नावाची सुरुवात टिंबाने असेल तर फाइल मॅनेजर ती फाइल दाखवत नाही आणि साधं ‘एलएस’ही नाही. नॉटिलस, निमो, थुनार, डॉल्फिन या सगळ्या फाइल मॅनेजरांत कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं. टर्मिनलमध्ये ‘एलएस -ए’.

याहून फसवा प्रकार म्हणजे नावात टिंब नाही, ‘एलएस’ला दिसतंय, तरी नॉटिलसमध्ये गायब. त्या फोल्डरमध्ये ‘.हिडन’ नावाची फाइल आहे का पाहा. त्यात एका ओळीत एक अशी जी नावं असतील, ती नॉटिलस आणि निमो झाकून ठेवतात. ‘एलएस’ या फाइलकडे बघतही नाही.

फाइल मॅनेजर उघडा असताना टर्मिनलमध्ये बनवलेली फाइल एरवी क्षणात उमटते, कारण बदल झाला की कर्नलची आयनोटिफाय ही सोय फाइल मॅनेजरला कळवते. ती उमटली नाही आणि एफ५ दाबल्यावर उमटली, तर दोन शक्यता. एक, फोल्डर नेटवर्कवरचा आहे. पलीकडच्या मशीनवर झालेले बदल आयनोटिफायला समजत नाहीत. दुसरी, पहारे संपलेत. एका युजरला किती फोल्डरांवर लक्ष ठेवता येईल याला मर्यादा असते, आणि मोठे प्रोजेक्ट उघडलेला एखादा कोड एडिटर त्यातले बहुतेक खाऊन टाकतो. जुन्या कर्नलमध्ये ही मर्यादा ८१९२ होती. २०२१ मध्ये आलेल्या ५.११ पासून ती मशीनच्या मेमरीनुसार ठरते आणि बरीच मोठी असते. तुमच्याकडे किती आहे ते ‘कॅट /प्रॉक/सिस/एफएस/आयनोटिफाय/मॅक्स_युजर_वॉचेस’ सांगेल. एडिटर बंद करून पाहा, लगेच फरक पडला तर कारण सापडलं.

फोल्डरवर कुलूप दिसतं

फोल्डर दिसतोय, पण आत फाइल ठेवता येत नाही, डिलीट होत नाही, कोपऱ्यात कुलपाची खूण. दहापैकी नऊ वेळा तो ‘सुडो’ लावून बनवलेला असतो. एखादी कमांड परवानगीवरून अडली, की पुढे ‘सुडो’ लावून तीच पुन्हा मारायची सवय असते. ‘सुडो एमकेडीआयआर’, ‘सुडो अनझिप’, ‘सुडो गिट क्लोन’. काम होतं, पण जे तयार होतं त्याचा मालक रूट असतो. डॉकरच्या कंटेनरने तुमच्या फोल्डरात काही लिहिलं तरी बऱ्याचदा असंच होतं. फाइल मॅनेजर तुमच्या नावाने चालतो, रूटच्या मालकीत तो हात घालू शकत नाही.

‘एलएस -एलडी’ आणि फोल्डरचं नाव द्या. तिसऱ्या रकान्यात मालक असतो. तिथे ‘रूट’ असेल आणि फोल्डर तुमच्या होममधला, तुमच्याच कामाचा असेल, तर:

सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर "$यूजर": फोल्डरचं-नाव

इथे ‘-आर’ मोठा आणि ‘यूजर’ही मोठ्या अक्षरांत. नावानंतरचा विसर्गासारखा कोलन विसरू नका, त्यामुळे ग्रुपही तुमचा होतो. एंटर मारण्याआधी फोल्डरचं नाव दोनदा वाचा. हीच कमांड चुकून ‘/यूएसआर’वर चालली तर खुद्द सुडोच्या फाइलची मालकी बदलते, आणि सुडोची फाइल रूटच्या मालकीची नसेल तर तो चालायला नकार देतो. मग दुरुस्तीसाठी हाताशी सुडोच उरत नाही.

अशा वेळी ‘सीएचएमओडी -आर ७७७’ करा असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया करू नका. कुलूप जातं, पण त्या मशीनवरच्या कुणालाही तिथे काहीही लिहिता येतं, आणि दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या किल्ल्या ठेवणाऱ्या ‘.एसएसएच’ फोल्डरवर हे झालं तर एसएसएच तुमची खाजगी किल्ली वापरायलाच नकार देतो. प्रश्न मालकीचा असताना परवानग्या सैल करणं हा उपाय नव्हे.

एक बारकावा. रूटच्या मालकीचा फोल्डर रिकामा असेल तर सुडोशिवायही जातो: ‘आरएमडीआयआर’ आणि नाव. काढून टाकण्याची परवानगी त्या फोल्डरवर अवलंबून नसते, त्याच्या वरच्या फोल्डरवर असते, आणि वरचा, म्हणजे होम, तुमचाच आहे. फाइल मॅनेजरला मात्र तोच फोल्डर कचरापेटीत टाकता येत नाही. फोल्डर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचा तर त्याच्या आतली ‘..’ ही नोंद बदलावी लागते, म्हणून कर्नल त्या फोल्डरवरही लिहिण्याची परवानगी मागतो. एकाच फोल्डरबाबत टर्मिनल ‘झालं’ म्हणतं आणि फाइल मॅनेजर ‘परवानगी नाही’ म्हणतो, आणि दोघेही बरोबर असतात.

सिस्टिमचा फोल्डर फाइल मॅनेजरमधून हाताळायचाच असेल तर ‘सुडो नॉटिलस’ टाळा. त्यातून तुमच्याच ‘.कॉन्फिग’ आणि ‘.कॅश’मध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार होण्याचा धोका असतो, आणि मग दुसरेच प्रोग्रॅम सेटिंग लक्षात ठेवेनासे होतात. त्याऐवजी नॉटिलसमध्ये कंट्रोल आणि एल दाबून ‘अ‍ॅडमिन:///ईटीसी’ लिहा. पासवर्ड विचारला जातो आणि फक्त तेवढ्या जागेपुरता अधिकार मिळतो. डॉल्फिनसाठी ‘केआयओ-अ‍ॅडमिन’ हे पॅकेज हेच काम करतं. आधी कधी ‘सुडो नॉटिलस’ केलेलं असेल तर ‘फाइंड ~ -यूजर रूट’ चालवून होममध्ये रूटचं काय काय पडलंय ते एकदा पाहून घ्या.

एक्सफॅट किंवा फॅट३२ पेन ड्राइव्हवर वरची मालकीची कमांड चालणार नाही. त्या फाइल सिस्टिममध्ये मालक लिहायला जागाच नसते. माउंट करताना, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमला जोडताना, जो ठरतो तोच सगळ्याचा मालक. विंडोजचं पार्टिशन केवळ वाचता येतंय, लिहिता येत नाही, असं असेल तर बहुधा विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मग नीट शट डाउन करा.

इकडून तिकडे उघडताना

टर्मिनलमध्ये जिथे आहात तोच फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये उघडायला:

एक्सडीजी-ओपन .

शेवटचं टिंब महत्त्वाचं, त्याचा अर्थ ‘हाच फोल्डर’. ‘नॉटिलस .’ किंवा ‘डॉल्फिन .’ही चालतं, पण त्यांचे इशारे टर्मिनलमध्ये सांडत राहतात आणि बऱ्याचदा खिडकी बंद होईपर्यंत प्रॉम्प्ट परत येत नाही. ‘जीटीके वॉर्निंग’ असं काही दिसलं तर घाबरू नका, फोल्डर उघडला असेल तर त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

फोल्डर फाइल मॅनेजरऐवजी कोड एडिटरमध्ये किंवा भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडतो, ही तक्रार खूप ऐकू येते. नवा प्रोग्रॅम बसवताना तो ‘मीही फोल्डर उघडू शकतो’ असं नोंदवतो आणि कधीकधी पहिला नंबर त्याचाच लागतो. आत्ता कोण आहे ते पाहायला:

एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट आयनोड/डिरेक्टरी

आणि बदलायला:

एक्सडीजी-माइम डिफॉल्ट ओआरजी.जीनोम.नॉटिलस.डेस्कटॉप आयनोड/डिरेक्टरी

यात नॉटिलसचा एन मोठा. डॉल्फिन वापरत असाल तर ‘ओआरजी.केडीई.डॉल्फिन.डेस्कटॉप’, निमोसाठी ‘निमो.डेस्कटॉप’. ही निवड ‘~/.कॉन्फिग/माइमॲप्स.लिस्ट’मध्ये लिहिली जाते, त्यामुळे पुढच्या लॉगिनलाही टिकते.

उलट बाजूने, राइट क्लिकच्या मेनूत ‘टर्मिनलमध्ये उघडा’ हा पर्याय नसेल, तर नॉटिलसमध्ये तो सहसा टर्मिनलसोबतच्या एक्स्टेंशनमधून येतो; तुमच्या डिस्ट्रोच्या पॅकेज यादीत शोधून ते बसवा आणि ‘नॉटिलस -क्यू’ करा. खिडकी नुसती बंद केल्याने भागेलच असं नाही, कारण नॉटिलस मागे चालू राहू शकतो. डॉल्फिनवाल्यांना हे सगळं करायची गरज नाही: एफ४ दाबलं की खालीच टर्मिनल उघडतं, वर फोल्डर बदलला की खालचं टर्मिनल तिथे जातं आणि खाली ‘सीडी’ केलं की वरची खिडकी. दोन्हीकडे सतत ये-जा असेल तर केवळ एवढ्यासाठी डॉल्फिन वापरून बघण्यासारखा आहे.

डाव्या पट्टीतली प्रत्येक जागा फोल्डर नसते

‘अलीकडचे’, ‘तारांकित’ या याद्या आहेत. डिस्कवर त्यांना जागा नाही, टर्मिनलमध्ये शोधू नका.

पेन ड्राइव्ह उबुंटू आणि डेबियनमध्ये ‘/मीडिया’खाली तुमच्या युजरनावाच्या फोल्डरमध्ये, तर फेडोरा आणि आर्चमध्ये ‘/रन/मीडिया’खाली तसाच मिळतो. तो काढताना ‘डिव्हाइस बिझी आहे’ असं आलं, तर आधी उघड्या टर्मिनल खिडक्या बघा. एखादी ‘सीडी’ करून त्या ड्राइव्हमध्येच उभी असते. ‘फ्यूझर -व्हीएम’ आणि पुढे माउंटचा पाथ दिला की कुठला प्रोग्रॅम धरून बसलाय ते कळतं.

नेटवर्कवरचा शेअर केलेला फोल्डर जीनोम डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरमधून (नॉटिलस) उघडला की तो ‘/रन/युजर/१०००/जीव्हीएफएस’मध्ये लांबलचक नावाने येतो, ‘एसएमबी-शेअर:सर्व्हर=’ अशी सुरुवात असते. नाव टाइप करत बसू नका, पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबा. एमटीपीने, म्हणजे फाइली देण्याघेण्यासाठी केबलने, जोडलेला फोनही तिथेच. तो फोल्डरच रिकामा असेल तर ‘जीव्हीएफएस-फ्यूज’ पॅकेज बसवलेलं आहे का ते पाहा. केडीई डेस्कटॉपवर (डॉल्फिन) हेच काम ‘केआयओ-फ्यूज’ करतं.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम बसवण्याच्या पद्धतींची वेगळी भिंत आहे: त्यांतले प्रोग्रॅम बाकी सिस्टिमपासून अलग ठेवलेले असतात. स्नॅपमधून बसवलेल्या प्रोग्रॅमला स्वतःचा वेगळा ‘/टीएमपी’ मिळतो, त्यामुळे ब्राउझरने ‘/टीएमपी’मध्ये सेव्ह केलेली फाइल टर्मिनलच्या ‘/टीएमपी’मध्ये नसते. उबुंटूमध्ये फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅपच आहे, म्हणून हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. होममधले टिंबाने सुरू होणारे फोल्डरही स्नॅपला सहसा वाचता येत नाहीत. फ्लॅटपॅकच्या प्रोग्रॅममध्ये फाइलचा पाथ ‘/रन/युजर/१०००/डॉक’ असा दिसला, तर तो मधल्या दरवाजाचा पत्ता आहे. मूळ फाइल जिथे होती तिथेच आहे. आणि फ्लॅटपॅकने बसवलेल्या एडिटरच्या आतलं टर्मिनल तर भिंतीच्या आतलंच असतं, तिथल्या ‘एलएस’वर भिस्त ठेवू नका.

देवनागरी नावं

मराठीत फोल्डरांना नावं द्यायला काहीच हरकत नाही, लिनक्सला ती उत्तम चालतात. दोन गोष्टी मात्र माहीत हव्यात.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, २५५ अक्षरांची नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे एकूण ८५ चिन्हं. लेखाचं अख्खं शीर्षक फाइलच्या नावात घालायला गेलं की ‘नाव फार लांब आहे’ असा एरर येतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक. एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या फेरीचे’ या नावाचे दोन फोल्डर दिसतात, हुबेहूब सारखे. किंवा नाव बरोबर टाइप करूनही ‘सीडी’ म्हणतं, नाही. दोष ‘ऱ्या’मध्ये असतो. हे जोडाक्षर एका कीबोर्डवरून ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने येतं आणि दुसऱ्यावरून साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून येतं. डोळ्यांना फरक नाही, कर्नल मात्र फक्त बाइट जुळवतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्या पद्धतीने २१ बाइट होतो, दुसऱ्या पद्धतीने २४. संशय असेल तर ‘एलएस | ओडी -सी’ चालवा आणि दोन नावांतले आकडे ताडून पाहा.

अशा नावांपुढे टाइप करण्याचा हट्ट सोडा. टॅबने नाव पूर्ण करून घ्या किंवा फोल्डर ओढून टाका. दोन सारख्या नावांपैकी नेमक्या एकाचं नाव बदलायचं असेल तर आयनोड पुन्हा कामाला येतो. ‘एलएस -आय’ने प्रत्येकाचा क्रमांक मिळेल. तो घेऊन:

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम क्रमांक -एक्झेक एमव्ही -आय {} नवं-नाव \;

नव्या नावाचा फोल्डर आधीपासून नाही ना, एवढं पाहून घ्या, नाहीतर जुना फोल्डर त्याच्या आत जाऊन बसेल. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेस, मध्येच शिरलेली नवी ओळ, किंवा डॅशने सुरू होणारं आणि कमांडला पर्याय वाटणारं नाव, या सगळ्यांवर हीच कमांड चालते. एकच नाव असेल आणि कमांड नको असेल तर फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर निवडून एफ२ दाबा आणि नाव पूर्ण पुसून नव्याने लिहा.